ज्या गाण्यात देश नव्हता



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचं सगळं आयुष्य पेटी आणि भजन शिकवण्यात गेलं. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून युरोपातल्या एका टीव्ही-स्पर्धेबद्दल बोलायचं, हे काहींना आडवळणाचं वाटेल. वाटू द्या. मी ज्या गाण्याबद्दल बोलणार आहे ते पोर्तुगीज आहे, आणि पोर्तुगालचा विषय निघाला की गोव्यात अजूनही कान टवकारले जातात. कुणाचे रागानं, कुणाचे लोभानं. दोन्ही प्रकारची माणसं या सभागृहात बसली आहेत, आणि दोघांनाही थोडं थोडं नाराज करायचा माझा बेत आहे.

१३ मे २०१७. युक्रेनची राजधानी कीव्ह. युरोव्हिजन गीतस्पर्धेची अंतिम फेरी. साल्वादोर सोब्राल नावाचा सत्तावीस वर्षांचा तरुण उभा राहिला, तीन मिनिटं गायला, आणि मध्यरात्र उलटेपर्यंत त्याच्या नावावर ७५८ गुण जमा झाले. स्पर्धेच्या इतिहासात तोवर कुणालाही एवढे गुण मिळाले नव्हते. गाणं त्याच्या थोरल्या बहिणीनं, लुईझा सोब्रालनं लिहिलेलं आणि तिनंच चाल लावलेलं. नाव ‘आमार पेलुश दोइश’, म्हणजे दोघांच्याही वाटचं प्रेम करणं. पोर्तुगाल या स्पर्धेत १९६४ साली पहिल्यांदा उतरला होता. हे त्याचं एकोणपन्नासावं गाणं. आधीच्या अठ्ठेचाळीस गाण्यांतलं एकही पहिल्या पाचात आलेलं नव्हतं.

त्या दिवशीचा योगही विलक्षण होता. सालाझारच्या हुकूमशाहीबद्दल पोर्तुगालमध्ये एक टोमणा असायचा: लोकांना तीन ‘एफ’ देऊन गप्प बसवायचं, फातिमा, फुटबॉल आणि फादो ही तिथली पारंपरिक गायकी. १३ मेला दिवसा फातिमाच्या तीर्थस्थानी पोप फ्रान्सिस यांनी तिथल्या दोन गुराखी मुलांना संतपद दिलं. संध्याकाळी बेन्फिका क्लबनं लागोपाठ चौथ्यांदा राष्ट्रीय लीग जिंकली. आणि रात्री कीव्हहून गाण्याची बातमी आली. वर्तमानपत्रांना आयताच मथळा मिळाला. फक्त एक गोष्ट खटकते. तिसरा ‘एफ’ हा फादोचा, आणि सोब्रालचं गाणं फादो नाहीच. फादो ऐकलेला गोवेकर पहिल्या चार स्वरांतच सांगेल की यात पोर्तुगीज गिटार नाही, काळी शाल नाही आणि दैवाला दिलेला दोषही नाही. हे गाणं जॅझच्या अंगानं जाणारं आहे. ब्राझीलच्या बोसा नोव्हाचा वारा लागलेलं, जुन्या सिनेमातल्या व्हायोलिनच्या ताफ्यासारखी साथ असलेलं. परदेशी वार्ताहरांनी त्याला सर्रास फादो म्हटलं, कारण पोर्तुगाल म्हटलं की त्यांना दुसरं काही सुचत नाही.

माझं आजचं म्हणणं नेमकं याच्याशी निगडित आहे. पोर्तुगालनं पन्नास वर्षं युरोपला पोर्तुगाल समजावून सांगायचा खटाटोप केला आणि हरला. ज्या दोन गाण्यांनी देशाचं काही काम केलं, त्या दोन्हींत देशाचं नावसुद्धा नव्हतं. एक १९७४ चं, एक २०१७ चं. पहिलं हरलं, दुसरं जिंकलं. आपला संबंध पहिल्याशी अधिक आहे, म्हणून मी तिथे जास्त रेंगाळणार आहे.

स्पर्धेची ओळख थोडक्यात. युरोपातल्या प्रसारण संस्थांच्या संघानं १९५६ साली स्वित्झर्लंडमधल्या लुगानो इथे ती सुरू केली. इटलीतला सान रेमोचा गीतमहोत्सव डोळ्यांसमोर होता. पहिल्या वर्षी सात देश होते. २०१७ मध्ये बेचाळीस. गाणं तीन मिनिटांपेक्षा मोठं असायचं नाही, मंचावर सहापेक्षा जास्त माणसं नकोत, गळा प्रत्यक्ष लागला पाहिजे. पूर्वी वाद्यवृंदही समोर बसायचा. १९९९ पासून तो गेला आणि साथ ध्वनिमुद्रित झाली. त्याच वर्षापासून आपल्याच भाषेत गायची सक्तीही उठली. इतकी शिदोरी पुरे.

१९६४ साली कोपनहेगनला पोर्तुगालचं पहिलं गाणं सादर झालं. आंतोनियु काल्वारियु हा गायक, ‘ओरासांव’ म्हणजे प्रार्थना हे गाणं. गुण शून्य. त्या रात्री एक माणूस मंचावर घुसला. हातात फलक, आणि त्यावर फ्रँको व सालाझारवर बहिष्कार घालण्याचं आवाहन. कॅमेरा दुसरीकडे वळवला गेला, त्याला बाहेर काढलं आणि कार्यक्रम पुढे सुरू झाला. या शून्याचा दोष मी गायकाला देणार नाही. ज्या देशाची राजवट अशी, त्याच्या प्रार्थनेला गुण द्यायला युरोपातले पंच नाखूश असतील तर त्यात नवल नाही. तेव्हा गोवा मुक्त होऊन तीन वर्षंही झाली नव्हती. लिस्बनच्या लेखी मात्र गोवा कागदोपत्री पोर्तुगालचाच प्रांत होता, आणि आफ्रिकेतल्या वसाहतींत सैन्य लढत होतं.

मजा अशी की बाहेर हरणारी ही गाणी घरात फार मोलाची होती. सरकारी टीव्हीवर देशांतर्गत निवडफेरी व्हायची आणि ती सगळा देश बघायचा. सेन्सॉरच्या राज्यात लोकांनी एकत्र बसून ऐकावं असं दुसरं काही फारसं नव्हतंच. कवी आरी दुश सांतुश यांनी हे हेरलं. त्यांनी लिहिलेलं आणि सिमोन द ऑलिव्हेरा यांनी १९६९ साली गायलेलं गाणं बाईच्या शरीरसुखाबद्दल उघड बोललं म्हणून गदारोळ झाला. माद्रिदला ते सोळांत पंधरावं आलं. सिमोनबाई लिस्बनला परतल्या तेव्हा त्यांचं स्वागत करायला रेल्वे स्थानकावर लोकांची झुंबड उडाली होती. १९७३ साली आरी दुश सांतुश यांनीच फर्नांदु तोर्दू यांच्यासाठी ‘तोरादा’ लिहिलं. वरवर पाहता ते बैलझुंजीचं वर्णन. ऐकणाऱ्याला कळत होतं की रिंगणात कोण आहे आणि प्रेक्षागारात बसून टाळ्या कोण पिटतंय. सेन्सॉरनं ते जाऊ दिलं. सेन्सॉर करणाऱ्यांचं वाचन सहसा एकाच थराचं असतं, हा जगभरचा अनुभव आहे.

आता १९७४. ६ एप्रिल, इंग्लंडमधलं ब्रायटन. सतरा देश. त्या वर्षीची पद्धत अशी की प्रत्येक देशात दहा पंच, आणि प्रत्येक पंचानं आपल्या आवडीच्या एकाच गाण्याला एकच मत द्यायचं. स्वतःच्या देशाला द्यायचं नाही. म्हणजे प्रत्येक गाण्याला मत देऊ शकतील अशी माणसं एकशे साठ. पोर्तुगालच्या पावलू द कार्वाल्युनं गायलेल्या ‘इ दिपोइश दु आदेउश’ला, म्हणजे ‘आणि निरोपानंतर’ या गाण्याला, त्यांतल्या तिघांनी मत दिलं. चार देश तीन-तीन गुणांवर तळाशी राहिले, त्यांत पोर्तुगाल. जिंकली स्वीडनची आब्बा, चोवीस गुणांनी. त्यांचा वाद्यवृंदसंचालक नेपोलियनच्या वेशात आला होता. दुसरी आली इटलीची जिल्योला चिंक्वेत्ती. पोर्तुगालनं शून्य मिळवलं त्या १९६४ मध्ये हीच मुलगी जिंकली होती.

कार्वाल्युचं गाणं साध्या प्रेमभंगाचं. शब्द जुझे निझा यांचे, चाल जुझे काल्वारियु यांची. त्यात क्रांती नाही, शोषित नाहीत, देश नाही. एक जण निघून गेलाय आणि दुसरा स्वतःला चाचपून बघतोय. ते शेवटच्या क्रमांकावर आलं, पण लिस्बनच्या रेडिओवर वाजत राहिलं, कारण वर्षाचं स्पर्धागीत म्हणून ते सगळ्यांच्या ओठांवर होतं.

ब्रायटनची रात्र होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. २४ एप्रिलच्या रात्री लिस्बनच्या एका केंद्रावर निवेदकानं वेळ सांगितली, अकराला पाच मिनिटं कमी, आणि यंदाच्या युरोव्हिजनचं गाणं म्हणून हेच लावलं. ऐकणाऱ्या बहुतेकांना त्यात वावगं काही वाटण्याचं कारण नव्हतं. पण राजधानीच्या आसपासच्या छावण्यांत रेडिओला कान लावून बसलेल्या तरुण अधिकाऱ्यांसाठी तो इशारा होता: तयार राहा, ठरल्याप्रमाणे होतंय. त्या केंद्राचा आवाज लिस्बनच्या परिसरापुरताच पोचायचा, म्हणून देशभरासाठी दुसरा इशारा ठरला होता. मध्यरात्रीनंतर साडेबाराच्या सुमारास रेडिओ रेनाशेन्सावर झेका अफॉन्सो यांचं ‘ग्रांदोला, व्हिला मोरेना’ लागलं आणि रणगाडे बाहेर पडले. २५ एप्रिलच्या संध्याकाळी पंतप्रधान मार्सेलो काएतानो यांनी कार्मोच्या छावणीत शरणागती पत्करली. शिपायांच्या बंदुकांच्या नळ्यांत लोकांनी कार्नेशनची फुलं खोचली होती. १९२६ पासून चालत आलेली हुकूमशाही एका दिवसात कोसळली.

या दोन गाण्यांपैकी जगाच्या लक्षात राहिलं ते झेकाचं. साहजिक आहे. त्यात बंधुता आहे, जनता आहे, दमदार पावलांचा ठेका आहे. त्याचे पुतळे झाले, पाट्या झाल्या. पण पहिल्या इशाऱ्यासाठी निवडलेलं गाणं मला अधिक विचार करायला लावतं. अशा कामाला गाणं असं हवं की कुणालाच संशय येऊ नये: प्रत्येकाला माहीत असलेलं, कुठल्याही वेळी लागलं तरी खपून जाणारं. झेकाच्या कित्येक गाण्यांवर बंदी होती. या विरहगीतावर कोण बंदी घालणार? स्पर्धेत ज्याचं निरुपद्रवीपण नडलं, त्याचं तेच निरुपद्रवीपण तीन आठवड्यांत कामी आलं.

रेडिओवरच्या अशा इशाऱ्यांचं महत्त्व या सभागृहाला वेगळं सांगायला नको. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी १९५५ च्या नोव्हेंबरपासून गोवा मुक्त होईपर्यंत आंबोलीच्या जंगलातून आणि पुढे कॅसलरॉकहून भूमिगत आकाशवाणी चालवली. कोकणीत आणि पोर्तुगीजमध्ये. शत्रूच्याच भाषेत शत्रूला ऐकवायची ती कला लिस्बनच्या त्या तरुण अधिकाऱ्यांच्या फार आधी आपल्याकडे मुरलेली होती.

आणि २५ एप्रिलचा धागा आपल्यापर्यंत आणखी दोन जागी येऊन पोचतो. लिस्बनजवळ काशियाश नावाचा तुरुंग आहे. क्रांतीनंतर दोन दिवसांत तिथले राजबंदी सुटले आणि त्यांच्या सुटकेची छायाचित्रं जगभर गेली. याच काशियाशमध्ये सांगलीचे मोहन रानडे कित्येक वर्षं खितपत पडले होते. १९५५ च्या ऑक्टोबरात बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले. शिक्षा सव्वीस वर्षांची. गोवा मुक्त झाला तरी ते सुटले नाहीत. जानेवारी १९६९ उजाडावा लागला. त्यांच्या सुटकेसाठी महाराष्ट्रात जिवाचं रान कुणी केलं? सुधीर फडके यांनी. बाबूजी म्हणजे आपल्याला भावगीतं आणि गीतरामायण. पण १९५४ मध्ये दादरा-नगरहवेलीच्या मुक्तिसंग्रामात ते स्वतः उतरले होते, आणि रानड्यांसाठी समिती काढून, सभा घेऊन त्यांनी सरकारचा पिच्छा पुरवला. गाणं आणि राजकारण यांचं नातं शोधायला लोक युरोपात जातात, म्हणून मी मुद्दाम सांगतोय.

दुसरी जागा म्हणजे ३१ डिसेंबर १९७४. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेली यांवरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालनं त्या दिवशी दिल्लीत तहावर सही करून मान्य केलं. तेरा वर्षं अडकून पडलेला हा कागद क्रांतीनंतर आठ महिन्यांत मार्गी लागला. पोर्तुगालतर्फे सही केली परराष्ट्रमंत्री मारियु सोआरेश यांनी. भारतातर्फे त्याच ऑक्टोबरात परराष्ट्रमंत्री झालेल्या यशवंतराव चव्हाणांनी. कऱ्हाडच्या माणसाची सही त्या कागदावर आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना आठवतं.

क्रांतीनंतर पोर्तुगालला वाटलं असेल की आता तरी युरोप आपलं ऐकेल. १९७५ मध्ये स्टॉकहोमला त्यांनी दुआर्ते मेंदेश यांना पाठवलं. हा गायक सैन्यात कप्तान होता आणि २५ एप्रिलच्या उठावात सामील होता. गाण्याचं नाव ‘पहाट’. सोळावा क्रमांक. युरोपला क्रांती आवडली होती, क्रांतीचं गाणं नाही.

नंतरची चाळीस वर्षं मी भरभर उलटतो, कारण त्यांत सांगण्यासारखं थोडं आहे. एक गाणं मात्र सोडता येत नाही. १९८९, लोझान, ‘दा व्हिन्ची’ नावाचा बँड, गाणं ‘कॉन्किश्तादोर’, म्हणजे जेता. उड्या मारत म्हणायचं पॉप गाणं, आणि त्याच्या ध्रुपदात पूर्वीच्या वसाहतींची यादी: अंगोला, मोझांबिक, मकाव, तिमोर. आणि हो, गोवा. युरोव्हिजनच्या मंचावर आपल्या गावाचं नाव पोचलं ते असं. काही जण म्हणतात, त्यात गर्व नाही, हरवलेल्याची हुरहुर आहे. असेल. पण ज्याचं घर त्या यादीत आहे त्यानं ती हुरहुर कशी ऐकायची? तह होऊन चौदा वर्षं झाली होती आणि अजून नकाशा गात होते. पुन्हा सोळावा क्रमांक. त्या एका निकालाबद्दल मला युरोपातल्या पंचांविषयी खास जिव्हाळा आहे.

१९९६ मध्ये लुसिया मोनिझ हिनं याच विषयाची सौम्य बाजू मांडली: पोर्तुगीज बोलणारे सगळे देश, त्यांची नृत्यं, रंगभेद नसलेलं हृदय. हातात छोटं तंतुवाद्य घेऊन ती गोड गायली आणि सहावी आली. २०१७ पर्यंतची ही सर्वोत्तम मजल. (पुढे ‘लव्ह ॲक्च्युअली’ या इंग्रजी चित्रपटात जी पोर्तुगीज मोलकरीण दिसते, ती हीच.) जहाजं, समुद्र, भाषाबंधुत्व, फादोची छटा, दरवर्षी पोर्तुगाल आपलं ओळखपत्र घेऊन जायचा आणि दरवर्षी दारातून परत यायचा. २०१३ मध्ये गेलाच नाही, २०१६ मध्येही नाही.

२०१६ च्या त्या सुट्टीत सरकारी टीव्हीनं एक शहाणपण केलं. नेहमीचे स्पर्धागीतकार बाजूला ठेवले आणि देशात खरोखर चांगलं लिहिणाऱ्या संगीतकारांना बोलावून सांगितलं, एक-एक गाणं करा, गायक तुम्हीच ठरवा. लुईझा सोब्राल त्यांतली एक. तिनं बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात शिक्षण घेतलेलं, स्वतःचे अल्बम केलेले. तिनं गायक म्हणून धाकट्या भावाला निवडलं. साल्वादोर टीव्हीवरच्या गायनस्पर्धेत सातव्या क्रमांकावर थांबलेला, मानसशास्त्राचा अभ्यास सोडून बार्सिलोनात जॅझ शिकलेला, चेट बेकरचा भक्त. युरोव्हिजनचा त्याला फारसा गंध नव्हता.

आता गाण्याकडे नीट बघू. तीन मात्रांचा वॉल्ट्झ. आपल्या कानाला दादऱ्याचा झोका वाटेल, पण त्यावर तबल्याची थाप नाही, तालवाद्यच नाही. व्हायोलिनं आणि पियानो. वाद्यमेळ लुईश फिगेरेदू यांचा. स्पर्धेतल्या गाण्यांचा एक ठरलेला साचा असतो: पहिलं कडवं दबकं, मग ढोल, मग शेवटच्या मिनिटात सूर एक पट्टी वर चढवायचा आणि आतषबाजी सुरू. हे गाणं मधल्या भागात एकदा भरून येतं, तारा उसळतात, आणि तिथून खाली उतरून शेवट होतो तो जवळजवळ बोलल्यासारखा. आशय एका ओळीत सांगता येईल: तू परत ये, तुझ्या मनाला आता जमत नसेल तर माझं मन दोघांच्या वाटचं करील. या विनवणीत मला थोडी लबाडीही दिसते, थोडा हट्टही. नकार देणाऱ्याला नकार द्यायला जागाच उरू नये अशी ही नम्रता आहे.

आणि त्याचं गाणं. कीव्हच्या मुख्य मंचावर प्रकाशाच्या भिंती होत्या. तो तिथे उभाच राहिला नाही. प्रेक्षकांच्या मधोमध असलेल्या लहान गोल चौथऱ्यावर गायला. अंगाला सैल काळा कोट, केसांची छोटी गाठ. कॅमेऱ्याकडे तो क्वचित बघतो. हात छातीशी येतात आणि बोटं हवेत काहीतरी उलगडत असल्यासारखी हलतात. आपल्याकडच्या गवयांचे हात पाहिलेल्याला यात विचित्र काही वाटणार नाही. युरोपातल्या वृत्तपत्रांनी मात्र त्यावर रकाने भरले. आवाज कुजबुजीच्या काठावर, मध्येच खोट्या आवाजाच्या पातळ पट्टीत जाऊन येणारा, आणि दोन ओळींच्या मधला श्वास ध्वनिक्षेपकात स्पष्ट ऐकू येतो. तो श्वास लपवावा असं त्याला वाटत नाही. महत्त्वाचं म्हणजे त्यानं हे गाणं दोनदा सारखं कधीच गायलेलं नाही. शब्द थोडा मागे ठेवायचा, ओळीचा शेवट वळवायचा, एखादी हरकत घ्यायची. जिथे प्रत्येक पाऊल आणि प्रत्येक कॅमेरा सेकंदावर बसवलेला असतो तिथे हा मनुष्य दर वेळी नव्या जागा घेत होता.

त्याच्या छातीच्या दुखण्याबद्दलही सांगायला हवं. त्याचं हृदय तेव्हा निकामी होत आलं होतं. डॉक्टरांच्या सल्ल्यामुळे तो कीव्हला उशिरा पोचला, आणि सुरुवातीच्या तालमींत त्याच्या जागी लुईझा उभी राहून गायली. पुढे ८ डिसेंबर २०१७ ला लिस्बनजवळच्या सांता क्रुझ रुग्णालयात त्याच्यावर हृदयप्रत्यारोपण झालं. हृदयाचं गाणं आणि आजारी हृदय ही जोडी बातमीदारांच्या फार सोयीची होती. मला ती ताणाविशी वाटत नाही. सहानुभूतीनं माणूस दहावा येतो. १४३ गुणांचं अंतर ठेवून पहिला येत नाही.

मग आला कसा? पोर्तुगीज माणसं सगळ्या युरोपभर मजुरीला पांगलेली आहेत, त्यांनी फोन केले असतील, हे एक उत्तर. पण ती १९८९ मध्येही पांगलेली होती. आपल्या भाषेत गायला म्हणून, हे दुसरं. पण १९७७ ते १९९८ सगळेच नियमानं आपापल्या भाषेत गात होते आणि पोर्तुगाल तेव्हाही खालीच होता. हे मात्र खरं की २०१७ मध्ये बेचाळीसांपैकी बहुतेक देश इंग्रजीत गायले, आणि सर्बियाच्या २००७ च्या विजयानंतर इंग्रजीचा एकही शब्द नसलेलं गाणं पहिल्यांदा जिंकलं ते हेच. २०१६ पासून प्रत्येक देश गुणांचे दोन संच देऊ लागला, त्या काळी एक पाच पंचांचा आणि एक फोन करणाऱ्या जनतेचा. दोघांचं सहसा जमत नाही. इथे पंचांकडून ३८२, जनतेकडून ३७६, दोन्हीकडे पहिला. शब्द न कळणाऱ्यांनी मतं दिली, त्याअर्थी त्यांना दुसरं काहीतरी कळलं. मला वाटतं, त्यांना एवढंच कळलं की हा माणूस आपल्याशी बोलत नाहीये. तो कुणा एकाशी बोलतोय आणि ते आपल्याला ऐकू येतंय. बाकी सगळे देश बेचाळीस देशांशी बोलत होते.

आपल्या भावगीताचा जन्म याच गुणातून झाला. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत गळा फेकायची गरज ध्वनिक्षेपकानं आणि रेडिओनं संपवली, आणि मराठी गायक पहिल्यांदा एका माणसाच्या कानाशी गाऊ लागला. तेव्हाच्या जाणकारांनी त्याला ‘बायकी’, ‘पुळचट’ म्हणून हिणवलंही. सोब्राललाही मायदेशात, निवडफेरीनंतर, असंच ऐकून घ्यावं लागलं: हा कसले हातवारे करतो, हा काय गबाळा पाठवताय.

जिंकल्यावर चषक हातात घेऊन तो जे बोलला ते मात्र मला पटलेलं नाही. आपण वापरून फेकायच्या संगीताच्या जगात राहतो, तयार खाद्यासारखं संगीत, आशयशून्य. संगीत म्हणजे आतषबाजी नव्हे, भावना आहे, अशा अर्थाचं तो बोलला. टाळ्या प्रचंड पडल्या आणि हरलेल्या काही स्पर्धकांना ते झोंबलं. मला हरलेल्यांची बाजू घ्यावीशी वाटते. ब्रायटनला कार्वाल्युला तीन मतं मिळाली त्या रात्री चमचमत्या कपड्यांतली आब्बा जिंकली. ते ‘वॉटर्लू’ आजही लग्नांत वाजतं. ती आतषबाजीच होती, आणि ती फेकून दिली गेली नाही. जिंकलेल्या माणसानं आपल्या पद्धतीचं तत्त्वज्ञान करू नये. त्यापेक्षा पुढच्या पाच मिनिटांत त्यानं जे केलं ते चांगलं होतं: विजेत्यानं गाणं पुन्हा गायचं असतं, तर त्यानं बहिणीला मंचावर ओढून घेतलं आणि दोघांनी वाटून गायलं. पत्रकार परिषदेला तो निर्वासितांच्या मदतीचा संदेश असलेला सदरा घालून गेला होता. आयोजकांनी तो पुन्हा घालू नकोस म्हणून बजावलं. ज्याच्या गाण्यात राजकारण औषधालाही नाही, त्यानं ते अंगावर चढवलं होतं.

नियमाप्रमाणे २०१८ ची स्पर्धा लिस्बनला झाली. शस्त्रक्रियेला पाच महिने झालेला साल्वादोर ब्राझीलच्या काएतानो व्हेलोझोबरोबर ‘आमार पेलुश दोइश’ गायला. वसाहत आणि मायदेश एकाच मंचावर आले, आणि या वेळी नकाशाची यादी कुणी वाचून दाखवली नाही. यजमान पोर्तुगालनं त्या वर्षीही हळुवार, शांत गाणंच पाठवलं होतं, ‘उ जार्दीं’. अंतिम फेरीत सव्वीस गाणी होती, ते सव्वीसावं आलं. वर्षभरापूर्वी ज्यांनी कुजबुजीला डोक्यावर घेतलं त्यांनी या खेपेला इस्रायलच्या नेट्टाला निवडलं, कोंबडीसारखे आवाज काढत, ठेक्यावर थिरकणारी नेट्टा. यशाची प्रत काढता येते असं समजणाऱ्या टीव्ही अधिकाऱ्यांची यापेक्षा चांगली शिकवणी कुणी घेतली नसती.

बोलणं खूप झालं. संयोजकांनी सुदैवानं ध्वनिक्षेपकाची नीट सोय केली आहे, तेव्हा आता दोन ध्वनिमुद्रणं लावतो: आधी ९ मेच्या उपान्त्य फेरीतलं, मग १३ मेचं. शब्दांकडे लक्ष देऊ नका. पहिल्यात तो कुठे थांबतो ते लक्षात ठेवा, आणि दुसऱ्यात तिथे थांबतो का ते बघा. पेटी शिकलेल्यांनी कृपया पुढच्या रांगेत यावं. नंतर कुठे काय बदललं हे मला त्यांच्याकडूनच ऐकायचं आहे.